बारमाही बायका आणि जावईबुवांचा आलेख

माणसाला राग नीट यावा म्हणून समोर एखादा दुष्ट माणूस लागतो. माझ्या वाट्याला तो कधीच आला नाही. मला जी माणसं मिळाली ती सगळी सभ्य, हसतमुख आणि जेवायला आग्रह करणारी होती. त्यामुळे माझा राग तीन वर्षं शिजतो आहे आणि त्याला धड चव आलेली नाही.

मी वर्ध्याच्या कडेला, देवळी रस्त्यावर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात देखरेखीचं काम करते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, दोन रांगांत शिवणयंत्रं, एका टोकाला कापड कापणाऱ्या मास्तरांचं टेबल आणि मागे गोदाम. मालकांचं गावात कापडाचं जुनं दुकान आहे. त्याआधी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे. तासिका तत्त्व म्हणजे परीक्षा जवळ आली की तुमची गरज संपते आणि पुढच्या वर्षी तुमची आठवण येईल की नाही हे देवाला आणि प्राचार्यांना ठाऊक असतं. म्हणून कारखान्यात आल्यावर मला पहिली गोष्ट आवडली ती ही की इथल्या बायका बारमाही होत्या.

गणवेशाचा धंदा विचित्र आहे. अख्ख्या वर्षाची विक्री शाळा उघडण्याच्या आसपासच्या थोड्या दिवसांत होते. तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि दिवाळीनंतर कोणी कुत्रं विचारत नाही. मग माणसं किती ठेवायची आणि शिवायचं कधी? शेठजींकडे याचं उत्तर होतं. कोणी पुस्तकात वाचून काढलेलं नव्हतं, चुकत चुकत बसलेलं होतं. पोळा झाला की शिवायला लागायचं. पांढरे शर्ट, राखी चड्ड्या, मुलींचे निळे बिनबाह्यांचे पिनो, जे सगळ्याच शाळांना लागतं ते आधी. निवांत हाताने शिवायचं आणि कडुनिंबाचा पाला घालून गोदामात रचून ठेवायचं. होळीपर्यंत गोदाम भरायचं. मग एप्रिल-मेमध्ये उरायचं ते फक्त बिल्ले लावणं, मापं बदलणं, पुलगाव-देवळीच्या शाळांचे गठ्ठे वेगळे करणं. तेही सकाळी सहा ते अकरा. कारण मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पत्र्याखाली माणूस बसत नाही, भाजतो.

या पद्धतीत तोटा नव्हता असं मी म्हणणार नाही. एका शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांना निळ्या चौकड्या एकाएकी जुनाट वाटू लागल्या आणि त्यांनी मरून चौकड्या आणल्या. आमच्या गोदामातल्या निळ्या चौकड्यांची पुढे फडकी झाली. माल धरून ठेवायलाही पैसा लागतो, जागा लागते, उंदीर लागतात. हे सगळं खरं आहे. पण बायका बारा महिने कामाला यायच्या आणि शाळा उघडायच्या दिवशी मुलं गणवेशात असायची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमणं सोपं नसतं.

बायकांमध्ये काजवाल्या काकू होत्या. शर्टाला काज पाडायचं वेगळं यंत्र असतं, ते त्या चालवायच्या. राहायला नालवाडीत. नवरा पुलगावला मिलमध्ये होता. मिल थांबली, त्यानंतर तोही थांबला तो थांबलाच. काकूंचं तोंड त्यांच्या यंत्रासारखं होतं, एका ठोक्यात आरपार. हळदीकुंकवाला कोणी विचारलं की काय करता, तर काकू "शिवणकाम" म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "मी बारमाही हाव." जशी एखादी म्हणते, मी तहसीलदार आहे. त्या एका शब्दावर त्यांना किराणा दुकानात मान होता आणि दिराच्या दारात जावं लागत नव्हतं.

आणि मग अधिक महिना आला. त्या वर्षी अधिक श्रावण होता.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, त्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जावई हा माणूस राहत नाही, देव होतो. त्याला सहकुटुंब बोलवायचं, नवे कपडे करायचे, चांदीचं काहीतरी हातात ठेवायचं, दिवा ओवाळून तेहतीस अनारसे द्यायचे. तो बोलेल ते ऐकायचं. शेठजींचे जावई पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहेत. तिथे ते नेमकं काय करतात हे शेठजींना सांगता येत नाही, पण 'नियोजन' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा होतो.

त्या जेवणाला मलाही बोलावलं होतं. वाटलं, मान आहे. गेल्यावर कळलं की जावईबुवांना कारखान्याचे आकडे विचारायचे होते. ताट उचलल्यावर दिवाणखान्यातल्या टीव्हीला त्यांनी लॅपटॉप जोडला. पहिल्या चित्रात एक हात दुसऱ्या हाताशी हस्तांदोलन करत होता. दोन्ही हात गोरे होते. दुसऱ्या चित्रात डोंगर होता.

"बाबा, ही तुमची मागणी," जावईबुवा म्हणाले. "जूनमध्ये डोंगर. बाकी वर्ष मैदान. आणि ही तुमची माणसं." पडद्यावर एक सरळ आडवी रेघ आली. "वर्षभर सारखी. मैदानावर इतकी माणसं कशाला? याला कारखाना म्हणत नाहीत, धर्मशाळा म्हणतात."

शेठजी हसले. जावयाच्या विनोदाला हसण्याची पद्धत वेगळी असते, आधी खांदे हलतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: मागणी चढेल तशी माणसं घ्यायची, उतरेल तशी कमी करायची. सप्टेंबर ते फेब्रुवारी शेड बंद. मार्चपासून बायका बोलवायच्या, मे महिन्यात पूर्ण ताकद लावायची, हंगाम सरला की परत घरी. गोदामाचा खर्च वाचला, पगाराचा वाचला. मूर्खपणाचं गणित नव्हतं ते. अशी गणितं शिकवतात, आणि नीट मांडली तर त्यांत प्रत्येक गोष्टीला रकाना असतो: माल धरून ठेवण्याचा खर्च, जादा वेळेचा खर्च, नवं माणूस घेण्याचा खर्च, आहे ते माणूस काढण्याचा खर्च. जावईबुवांनी सगळे रकाने केले होते. मला एवढंच दिसलं की शेवटच्या दोहोंत शून्य भरलं होतं.

"इथे शून्य का आहे?" मी विचारलं.

"कुठे? अच्छा, ते. कागदावर त्या कायम नाहीत ना, मॅडम. मग काढण्याचा खर्च कसला?"

"आणि परत बोलवण्याचा?"

"एक फोन."

"आणि नाही आल्या तर?"

ते इतक्या प्रेमाने हसले की मला स्वतःचीच दया आली. "मॅडम, त्या जाणार कुठे?"

"जावईबुवा, अजून एक अनारसा घ्या ना," वहिनी, म्हणजे शेठजींच्या पत्नी, मधेच म्हणाल्या, आणि माझा प्रश्न तुपात बुडाला.

पडद्यावर मे महिन्याच्या खांबावर लिहिलं होतं, क्षमता शंभर टक्के. मी शेठजींकडे पाहिलं. वर्ध्यातला मे काय असतो हे त्यांना मी सांगायला नको होतं. त्याच पत्र्याखाली ते तरुणपणी स्वतः गठ्ठे बांधत. त्यांनी माझी नजर टाळून ताटलीतल्या अनारशावरची खसखस बोटाने टिपली.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "शेठजी, मे महिन्यात दुपारी तिथे कोण शिवणार?"

"मला समजते हो, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"धोंड्याचं जेवण आहे आज. आज कसं बोलणार?"

"मग उद्या बोला."

"उद्या सकाळी ते निघणार. निघताना तोंड कडू करायचं?"

"फोनवर बोला."

"जावयाशी फोनवर असं बोलतात का कोणी?"

म्हणजे समोर असताना मान आड येतो आणि समोर नसताना रीत आड येते. या दोन्हींमध्ये जी फट होती तिच्यातून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बायका बाहेर पडल्या.

सांगायचं काम अर्थातच मला आलं. पोळ्याच्या पाडव्याची मारबत, इडापीडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात तो पुतळा, अजून रस्त्यावर जळत होती आणि बायका मागल्या वर्षीसारख्या पांढऱ्या शर्टांची सुरुवात करायला आल्या होत्या. मी सांगितलं की आता सुट्टी, मार्चपासून बोलावतील. कोणी रडलं नाही. रडणं मला परवडलं असतं. काकूंनी यंत्रावरचं फडकं काढलं होतं, ते घडी करून परत ठेवलं.

"म्हंजे आता मी बारमाही नाई," त्या म्हणाल्या.

"मार्चपासून आहे काम, काकू."

"अन् तोपावतर? फोन हातात धरून बसू? ताई, त्या जवायाले एक इचारजा माह्याकडून. तो सहा महिने जेवते का बारा?"

मी विचारलं नाही. विचारायला फोनवर बोलावं लागलं असतं, आणि ती रीत नव्हती.

काकूंनी घरच्या जुन्या यंत्राला तेल घातलं आणि ब्लाउज शिवायला घेतले. बाकीच्याही पांगल्या. कोणी लग्नांत पोळ्या लाटायला लागल्या, कोणी भाजीवाल्यांकडे मेथीच्या जुड्या बांधायला, दोघी बुटीबोरीच्या कारखान्याच्या बसने जायला लागल्या. जावईबुवांचा प्रश्न होता, त्या जाणार कुठे. उत्तर इतकं साधं होतं की ते कोणत्याही आलेखात मावलं नाही: मिळेल तिथे.

मार्चमध्ये मी फोन केले. अर्ध्या जणींनी उचलले नाहीत, उरलेल्यांनी फार गोड बोलून नाही सांगितलं. एप्रिल-मे म्हणजे लग्नाचा हंगाम. आमची मागणी आणि त्यांची मागणी एकाच वेळी डोंगर चढत होती. काकू म्हणाल्या, "नवरीकडले चौदा ब्लाउज आहेत, ताई. नवरी थांबते का शाळेसाठी?"

मग जाहिरात लावून नव्या मुली घेतल्या. त्यांना शिकवण्यात एप्रिल गेला, जे बायकांना वर्षानुवर्षं येत होतं ते. मे आला आणि जावईबुवांच्या शंभर टक्क्यांप्रमाणे दुपारची पाळी सुरू झाली. यंत्राच्या लोखंडाला हात लावला की हात मागे यायचा. लाइन गेली की पंखे बंद पडायचे, आणि लाइन असली की पंखे गरम हवा एका मुलीवरून काढून दुसरीवर टाकायचे. मी पुण्याला कळवलं. उत्तर आलं: कूलर लावा. लावले. कूलरच्या ओलीने कॉलरमधली चिकटपट्टी जागच्या जागी सुटायला लागली. हेही कळवलं. उत्तर आलं की हा अंमलबजावणीतला दोष आहे.

एक दिवस दुपारी एक मुलगी यंत्रावर डोकं टेकवून बसली. वाटलं, दमली असेल. ती शुद्धीवर नव्हती. सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, संध्याकाळी उठून बसली आणि पहिलं विचारलं, आजची मजुरी कापणार का. त्या क्षणी जो राग आला तो कुणावर काढायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही. जावईबुवा सहाशे किलोमीटर दूर थंड खोलीत होते. शेठजी दवाखान्याच्या पायरीवर शहाळं घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा खरोखर पडलेला होता. सभ्य माणसांचा हाच फायदा असतो. त्यांच्यामुळे कोणी आडवं झालं की शहाळं घेऊन तेच आधी येतात.

दुपारची पाळी बंद झाली. शर्ट शिवून झाले, पण काज नव्हते, काजाच्या यंत्रावर हात बसलेलं कोणीच नव्हतं. शेवटी शेठजींनी नागपूरहून तयार माल उचलला. त्या वर्षी आमच्याकडच्या शाळा उघडल्या तेव्हा एकेका प्रार्थनेच्या रांगेत निळ्याच्या तीन जाती उभ्या होत्या. दुकानात आया येऊन मुलांना काउंटरवर उभं करून दाखवत होत्या: हा काय रंग आहे? शेठजी हात जोडत होते. पुण्याला मात्र त्याच आठवड्यात कळवण्यात आलं की योजना चांगली चालली आहे, जरा ऊन जास्त होतं.

जुलैत शेठजी माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, त्या काजवाल्या बाईंना विचारून पाहा ना. येतील का परत."

"बारमाही?"

ते पत्र्याकडे बघत राहिले. "जानेवारी ते जून म्हणा."

मी नालवाडीला गेले. काकूंच्या खोलीत दाराजवळ यंत्र होतं आणि त्यावर फडकं घातलेलं होतं. लग्नं संपली होती, चातुर्मास लागला होता, आता तुळशीच्या लग्नापर्यंत माणसांची लग्नं नव्हती. म्हणजे काकूंचं मैदान सुरू झालं होतं. ते फडकं पाहून मला जावईबुवांचं गणित पहिल्यांदा पुरतं समजलं. खर्च वाचला नव्हता. आमच्या गोदामातून उठून तो नालवाडीत राहायला आला होता आणि इथे त्याची नोंद घ्यायला कोणी नव्हतं.

"बारा महिने देत असन तर आजच येतो," काकू म्हणाल्या. "सहा महिन्यासाठी नाई."

"शेठजींना द्यायचं आहे, काकू. पण दिलं तर जावयाची योजना चुकली असं होतं."

"मंग चुकली ना!"

"चुकली. पण जावई चुकत नसतो."

काकू हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "असं सांगा ना मंग. मी शेठजीची कामवाली आहे, तो पोरीचा नवरा आहे. यात काज कुठून आला?"

शेठजींना मी निरोप जसाच्या तसा दिला. ते म्हणाले, "बाई हुशार आहे." आणि पुढचंही वर्ष तसंच काढलं: नवीन मुली, नागपूरचा माल, फिका निळा. दरम्यान दुकानाच्या वर्धापनदिनी जावईबुवांना शाल-श्रीफळ देऊन 'आधुनिक दृष्टी' दिल्याबद्दल गौरवण्यात आलं. मानपत्र माझ्याकडून लिहून घेतलं. मी त्यात एकही खोटं वाक्य घातलं नाही, म्हणून ते चार ओळींचं झालं. छापताना कोणीतरी फुलांची वेलबुट्टी वाढवून पान भरलं.

आणि यंदा पुन्हा अधिक महिना आला. यंदा अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन मे-जून, आमच्या हंगामाच्या छातीवर. जावईबुवा येणार होते. आठवडाभर आधी वहिनींनी रवा, तूप, चांदीचं तबक सगळं जमवलं. अनारशांसाठी त्या एका नेहमीच्या बाईंवर विसंबून होत्या आणि त्या बाई ऐन वेळी नागपूरला मुलीकडे निघून गेल्या. जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनींचा मला फोन आला.

"अहो, ती तुमची काजवाली म्हणे हल्ली अनारशांच्या ऑर्डरी घेते. छान जाळी पडते म्हणतात. तिला सांगा ना. तेहतीस फक्त. पैसे म्हणेल ते देऊ."

मी गेले. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे ब्लाउज नाहीत, म्हणून काकूंनी शेजारणीला हाताशी घेऊन अनारसे मांडले होते. यंत्र भिंतीला सरकवलं होतं आणि त्यावर परातीत अनारसे निथळत होते, एका बाजूला खसखस, जाळी सुरेख. खोलीभर गूळ-तुपाचा वास होता. तेहतीस-तेहतीसचे डबे बांधून प्रत्येकावर चिठ्ठी लावलेली होती.

मी वहिनींचा निरोप सांगितला. काकूंनी झारा कढईच्या कडेला ठेवला.

"उद्यासाठी?"

"हो."

"ताई, तांदूळ तीन दिवस भिजते. रोज पाणी बदलावं लागते. मंग वाळवा, कुटा, गूळ घालून पीठ मुरू द्या. मुरल्याबिगर टाकलं तर तुपात इरघळून जाते." त्यांनी डब्यांकडे बोट केलं. "हे सगळे ज्याहिनं आधी सांगितलं त्याहिचे आहेत. ऐन वेळी फोन केला का अनारसे येत नाई. शर्ट येत असतीन."

"एखादा डबा इकडेतिकडे करता नाही येणार?"

हे मी का विचारलं कोण जाणे. कदाचित हे असंच विचारायचं असतं म्हणून. काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला शेडमधल्या त्या घडी केलेल्या फडक्याची आठवण झाली.

"नाई. सांगजा वहिनीले, पुढच्या धोंड्याले आधी सांगा. तीन वर्सं आहेत."

परातीतला एक अनारसा मोडला होता, तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी रस्त्यात उभी राहून खाल्ला. मी खाल्लेल्या अनारशांतला सर्वांत चांगला.

दुसऱ्या दिवशी जावईबुवांच्या तबकात बत्तासे होते. शास्त्राला चालतात; वाणाला जाळीदार काहीतरी लागतं आणि त्यांनाही भोकं असतात. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखी कळा होती. त्या तीन-तीनदा सांगत राहिल्या, "बाई मिळाली नाही हो ऐन वेळी. कोणी मिळतच नाही हल्ली."

"आधी नियोजन करायला हवं होतं, आई," जावईबुवा म्हणाले, आणि एक बत्तासा तोंडात टाकला.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील असं मला खरंच वाटलं. त्यांनी घसा साफ केला, ओठ उघडले, आणि जावयाच्या पुढे तबक सरकवून म्हणाले, "घ्या ना, अजून घ्या."

मी उठले. हंगाम होता, शेडवर जायचं होतं. वाटेत नालवाडीच्या फाट्यावर काकूंची शेजारीण डबे पोचवून रिकाम्या पिशवीने परतताना दिसली. हा महिना संपला की अनारसे संपतील, मग उरलेली थोडी लग्नं, मग चातुर्मास, मग यंत्रावर फडकं. शेडमध्येही काजाच्या यंत्रावर फडकं आहे. मागल्या वर्षी कोणीतरी ते विकून टाकू म्हणालं, मी विकू दिलं नाही. दर सोमवारी त्याला तेल घालते. काकूंनी हे ऐकलं तर म्हणतील, ताई, यंत्र मात्र तुम्ही बारमाही ठेवलं.